आगंतुकांची केवायसी

घरात समुद्र आणायचा तर आधी दगड विकत घ्यावा लागतो, आणि तोही वजनावर. आमच्या रत्नागिरीत दगड म्हणजे जांभा. तो नगावर मिळतो, घराला लागतो आणि एकदा भिंतीत बसला की पुढच्या तीन पिढ्यांना त्रास देत नाही. न्यू जर्सीत आमच्या जावईबापूंनी पौंडावर दगड आणला. ओल्या कागदात गुंडाळलेला, विमानाने आलेला, खोक्यावर 'जिवंत' असं ठळक लिहिलेला. पौंडाला किती डॉलर पडले हे लेकीने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बँकेत आयुष्य काढलेल्या बाईला कोणता आकडा विचारू नये हे बरोबर कळतं.

ह्या दगडाला लाइव्ह रॉक म्हणतात. पोवळ्यांच्या जुन्या सांगाड्यांचा, आरपार भोकांचा. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया सुटतो. दगडाच्या वरच्या अंगाला बसलेले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन करून हवेत सोडून देतात. सगळे बिनपगारी आणि संपाची नोटीस न देणारे. फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ तर ह्या दगडाची शेती चालते. समुद्राचा तळ भाडेपट्ट्याने घ्यायचा, होडीतून चुनखडीचे धोंडे सोडायचे, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यांवर जीव वस्तीला आले की तेच धोंडे वर काढून विकायचे. आंब्याच्या बागा कराराने देणाऱ्या आमच्या जिल्ह्याला हे कसं सुचलं नाही, म्हणून मी हळहळणार होते. पण जावईबापूंनी सांगितलं, "आई, भारतात नाही जमायचं." दगडी पोवळी २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेली. म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला. मालवणच्या समुद्रातली पोवळी बुडी मारून बघायची आणि हात न लावता वर यायचं. आमच्या ह्यांच्या बोटात मंगळासाठी पोवळं आहे. पोवळं जिवंत असताना त्याला खाणं लागतं, हे त्यांना न्यू जर्सीत कळलं. तेव्हापासून ते जेवताना अंगठी काढून ठेवतात.

मुद्दा असा की दगडाच्या पावतीवर नुसतं 'दगड' लिहिलेलं असतं. आतून कोण कोण आलंय ह्याची यादी कुणी देत नाही. अमेरिकेत शिरताना जो फॉर्म भरावा लागायचा त्यात 'गोगलगायी आणल्या आहेत का?' असं सरळ विचारलेलं असायचं. मी ठणकावून 'नाही' लिहिलं होतं. लेकीच्या दिवाणखान्यात पोचते तो टाकीच्या काचेवर गोगलगायींची जत्रा.

"ह्या कुणी आणल्या?"

"आल्या."

"आल्या म्हणजे?"

"दगडाबरोबर."

मी निवृत्त झाले ती केवायसीच्या टेबलावरून. नाव, पत्ता, व्यवसाय, दोन फोटो. ज्या माणसाला शाखेतले सगळे पंचवीस वर्षं 'काका' म्हणत होते त्यालाही मी पॅनकार्डाशिवाय पुढे सोडलं नाही. आणि इथे माझ्या मुलीच्या घरात, सोफ्यापासून चार हातांवर, हजारोंच्या संख्येने बिनकागदपत्रांचे रहिवासी. विकत घेतलेले मासे मोजून पाच. त्यांची नावं, मूळ गाव, किंमत, आहार, सगळं जावईबापूंच्या वहीत. पण त्यांच्याकडे घरात कुणी ढुंकून बघत नव्हतं. तो पिवळाधमक टँग दिवसभर काचेसमोर येरझाऱ्या घालायचा, बिचारा. सगळे मात्र माना वाकड्या करून दगडाच्या सांदीत.

ह्या खात्याचं काम माझ्याकडे आलं त्याला कारण झोप. तिथे रात्रीचे दोन म्हणजे रत्नागिरीत भात टाकायची वेळ. डोळा कसला लागतोय. आणि टाकीतली खरी वस्ती उठते ती दिवे गेल्यावरच. जावईबापूंनी मला एक लाल कागद लावलेली बॅटरी दिली. ह्यातल्या बहुतेक जिवांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते आपल्या कामात राहतात आणि आपण आपल्या. दिवसा जो दगड मेल्यासारखा पडलेला असे तो रात्री सगळीकडून हात-पाय बाहेर काढी. एका भोकातून पांढरे दोरे निघत, हातभर लांब, आणि वाळूवरून कण ओढून आत नेत. दोऱ्यांचा मालक कधीच दिसत नसे. दुसरीकडून सापासारखे वळवळणारे पाच हात, मधला जीव आतच. एक चपटी, पाठीवर आठ फळ्या असलेली वस्तू दगडाला चिकटून सावकाश फिरायची आणि उजाडायच्या आत बरोबर आपल्या जागेवर येऊन बसायची. तिचं नाव कायटन. तसलीच मी लहानपणी भाट्याच्या खडकांवर पाहिलेली आहे. तेव्हा तिला नाव विचारायची गरज पडली नव्हती. तांदळाच्या दाण्याएवढे झिंग्यासारखे प्राणी तर इतके, की मी त्यांना सरसकट एकाच खात्यावर घातलं.

सकाळी मी अहवाल देई आणि जावईबापू एका हातात कॉफी घेऊन तो उतरवून घेत. मग सुरू होई ओळख पटवणं. ह्यात पहिली अडचण फोटोची. ज्याची ओळख पटवायची तो फोटोत कधीच नसतो. असतो तो दगड, काचेवर उमटलेलं आपलंच नाक, आणि एका कोपऱ्यात तपकिरी ठिपका. तो फोटो मित्रांना जातो, खाली 'डावीकडचा बघा, मधला नव्हे'. उत्तरं येतात: एक म्हणतो गोगलगाय, एक म्हणतो स्पंज, एक म्हणतो फोटो नीट काढ, आणि एक जण, प्रत्येक ओळखीत असा एक जण असतोच, म्हणतो, ताबडतोब सगळी टाकी रिकामी कर. दुकानदाराला विचारावं तर त्याचं एकच उत्तर, "काही होत नाही." त्याच्या बाबतीत ते खरंच होतं. दगड त्याने विकून टाकला होता.

दुसरी गोष्ट मला उशिरा उमगली. ह्या लोकांना जिवाचं नाव नकोच असतं. 'हा कोण?' असं विचारतात, पण ऐकायचं असतं ते 'हा काय खातो?' एवढंच. पोवळं खात असेल तर वाईट, शेवाळ खात असेल तर चांगला, आणि बाकी सगळे 'बघू' ह्या सदरात. हे 'बघू' सदर फुगत फुगत टाकीएवढं होतं. मिरकरवाड्याला मासळी बघताना माझंही असंच चालतं. फक्त तिथे खाणारी मी असते.

आमचे हे ह्या सगळ्यात वेगळ्याच मताचे. ते हायस्कुलात मुख्याध्यापक होते, त्यामुळे त्यांना शंका नावाची गोष्ट ठाऊक नाही. टाकीतल्या कोणत्याही जिवाकडे बोट दाखवलं की ते म्हणत, "अळी आहे." तारामाशाच्या पिल्लाला ते अळी म्हणाले. तो नखाएवढा तारामासा ॲस्टरिना जातीचा होता. पायांची लांबी एकसारखी नाही, कुणाला पाच कुणाला सात, कारण हे प्राणी मधोमध फाटून एकाचे दोन होतात आणि उरलेले पाय मागाहून उगवतात. त्याला मी कोणत्या रकान्यात घालणार? जन्मतारीख कोणती, आई कोण, वारस कोण? फाटलेल्या दोघांपैकी मूळ खातेदार कोणता?

पाणी भरायचं काम मात्र ह्यांच्याकडेच आलं. टाकीतलं पाणी रोज उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून बिनमिठाचं शुद्ध पाणी घालून पातळी राखावी लागते. हे कुरकुरत बादल्या वाहायचे. मग जावईबापूंनी त्यांना ॲना थिन नावाच्या बाईंची हकीकत सांगितली. ह्या बाईंनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून लंडनला जिवंत पोवळी नेली आणि ती घरात जगवून दाखवली. पंप नव्हते, वीज नव्हती. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी ह्या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राही. इतिहासात नाव थिनबाईंचं लागलं. ह्यांनी गोष्ट शांतपणे ऐकली आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरली.

आता मुख्य आरोपींकडे येते. पहिला, ब्रिसल वर्म. वीतभर लांब, गुलाबीसर, दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांच्या झालरी. मी त्याला रात्री पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मेलेल्या गोगलगायीचा फडशा पाडत होता, म्हणजे खुनी रंगेहाथ सापडला असं मी धरून चालले. सकाळी कळलं की तो सफाई कामगार. मेलेलं, सडलेलं, उरलेलं खातो. तो नसेल तर पाणी बिघडतं. फक्त हात लावायचा नाही. ते केस काचेच्या कुसळांसारखे बोटात मोडून राहतात आणि मग चिकटपट्टी लावून उपटत बसावं लागतं. मात्र त्याचाच एक चुलत भाऊ, फायरवर्म, पोवळी सोलून खातो. आणि त्याच मोठ्या गोतातला, जरा दूरचा, युनिस. ह्याच्या डोक्यावर पाच शिंगं आणि जबडा कातरीचा. इंग्लंडात कॉर्नवॉलमधल्या न्यूकी गावी एक मोठं मत्स्यालय आहे, तिथे २००९ साली पोवळी तुटलेली सापडू लागली, मासे जखमी होऊ लागले. सापळे लावले तर सापळ्यांचीच वाट लागली. शेवटी लोकांनी तो देखावा दगड-दगड करून उचकटला तेव्हा आतून चार फूट लांबीचा किडा निघाला. बहुधा पिल्लू असताना दगडातून आलेला. त्यांनी त्याचं नाव ठेवलं बॅरी आणि त्याला स्वतंत्र टाकी दिली.

ही गोष्ट जावईबापूंनी रात्रीच्या जेवणाला सांगितली. पानात शेवयांची खीर होती. लेकीने वाटी बाजूला सारली आणि विचारलं, "आपल्याकडचा कोणता आहे?"

"सफाई कामगार."

"नक्की?"

"शिंगं मोजायला हवीत."

ती मोजायचं काम अर्थातच रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याकडे आलं.

दुसरी आरोपी दिसायला देखणी. दगडाच्या टोकावर पारदर्शक, तपकिरी झाक असलेलं, नाजूक पाकळ्यांचं समुद्रफूल. "किती सुरेख उमललंय," असं मी म्हणाले आणि जावईबापूंच्या हातातला कप हलला. ते ऐप्टेशिया होतं. ह्या छंदातल्या माणसाच्या तोंडून हा शब्द ज्या आवाजात निघतो तसा आमच्या बँकेत फक्त 'थकीत कर्ज' हा शब्द निघायचा. हे फूल डंख मारून पोवळ्यांना हटवतं, आणि त्याला खुडायला जावं तर तळव्याचा जो कण दगडावर राहील त्यातून नवं उगवतं. देवीमाहात्म्यातल्या रक्तबीजाचा आणि ह्याचा काहीतरी संबंध असणार, असं मी म्हटलं. जावईबापू अमेरिकेत वाढलेले नसल्यामुळे त्यांना ते पटकन कळलं. "पण आई, चामुंडा कुठून आणायची?"

चामुंडेच्या भूमिकेसाठी उमेदवार बरेच. पेपरमिंट नावाची लाल रेघांची कोळंबी ते खाते म्हणतात. खरं म्हणजे मनात आलं तर खाते, नाहीतर माशांचं खाणं पळवते. त्यातून दुकानात तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक कोळंबी तिच्या नावावर खपवली जाते, आणि ती पोवळीच खाते. ओळखपत्रावर फोटो का लागतो ते लोकांना अशा वेळी कळतं. बर्घिया नावाची एक बिनशंखाची गोगलगाय आहे, ती मात्र ऐप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही. टाकीतलं शेवटचं फूल संपलं की उपाशी मरते. इतका सचोटीचा नोकर मी सरकारी किंवा खाजगी, कोणत्याच क्षेत्रात पाहिला नाही.

आणि शेवटी चुना. जावईबापूंनी जर्मन नावाचं एक औषध काढलं, इंजेक्शनच्या नळीत भरलं, फुलाच्या तोंडात सोडायला म्हणून. मी वास घेतला, बोटावर घेऊन बघितलं. कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानाला लावतो तो. ह्यांनी लगेच खिशातून डबी काढली. पासष्टी ओलांडलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी मुलीच्या लग्नातही पाहिलेला नाही. सासऱ्याच्या डबीतला चुना टाकीत सोडायला जावईबापू तयार होईनात, कारण त्यात काथ आणि तंबाखूचे कण. मग अमेरिकन वाणसामानाच्या दुकानातून लोणच्याच्या काकड्या कडक राहाव्यात म्हणून वापरतात तो चुना आणला. तो चालतो. पंप बंद करून, दाट कालवून, प्रत्येक फुलावर एकेक थेंब. ह्यांनी हात अजिबात न थरथरता सगळी फुलं लिंपून काढली. आयुष्यभराचा सराव कुठे कामाला येईल सांगता येत नाही.

माझा स्वतःचा उपाय वेगळा होता आणि तो मी सुचवला होता. कोकणात ज्याचं काय करावं सुचत नाही त्यावर आधण ओततात. मुंग्या असोत, कालवांचं शिंपलं उघडत नसो, बाळाची दुपटी असोत. "काढा तो दगड बाहेर आणि टाका उकळत्या पाण्यात," असं मी म्हणाले. जावईबापू एरवी माझ्यासमोर आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. त्या दगडावर बटणांएवढी हिरवी-केशरी झोअँथिड पोवळी होती, आणि त्यांच्या काही भाईबंदांच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. १९७१ साली हवाई बेटांवरच्या अशाच जिवातून शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. प्रथिन नसलेल्या विषांमध्ये सर्वांत जहाल म्हणून ज्यांची नावं घेतात त्यांत ते आहे. शिजवल्याने ते मरत नाही; उलट वाफेबरोबर खोलीभर होतं, आणि घरात दगड उकळणारी सबंध कुटुंबं इस्पितळात पोचलेली आहेत. हे ऐकल्यावर मी माझा प्रस्ताव मागे घेतला नाही, 'बघू' सदरात टाकला.

तिसऱ्या आरोपीला आधी आम्ही कुणीच पाहिलं नाही. ऐकलं. मध्यरात्री टाकीतून आवाज यायचा: टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. काचेवर कुणी नाणं वाजवावं तसा, इतका खणखणीत की पहिल्या रात्री मी दार उघडायला गेले. जावईबापूंना सांगितलं तेव्हा ते दोन गोष्टी एकदम बोलले, "असेल पिस्टल," आणि हळूच, "मँटिस नसू दे."

पिस्टल म्हणजे पिस्टल श्रिंप. ही कोळंबी आपली मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात एक बुडबुडा तयार होतो, आणि आवाज येतो तो नांगीचा नव्हे, तो बुडबुडा फुटल्याचा. हे २००० साली अतिवेगवान कॅमेऱ्याने सिद्ध झालं. पुढच्याच वर्षी कळलं की फुटताना त्यातून क्षणभर उजेडही पडतो, आणि आतलं तापमान काही हजार अंशांवर जातं. दुसऱ्या महायुद्धात ह्या कोळंब्यांच्या गलक्यामुळे पाणबुड्यांची चाहूल घेणाऱ्यांना काही म्हणता काही ऐकू येत नसे. एवढं सगळं करूनही ती घरात ठेवण्यालायक. मँटिस श्रिंप तशी नव्हे. तिची मोर जात सेकंदाला तेवीस मीटरच्या वेगाने ठोसा मारते. हे मोजमाप २००४ सालचं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, हिच्या डोळ्यात सगळ्या मिळून डझनभर किंवा त्याहून जास्त प्रकारच्या. इंग्लंडात १९९८ साली टायसन नावाच्या चार इंची मँटिसने पाव इंच जाडीची काच फोडली होती.

हे कळल्यापासून लेकीने टाकीखालचा गालिचा गुंडाळून ठेवला आणि विम्याचे कागद काढून वाचायला घेतले. विम्याच्या कागदांत पुराची व्याख्या होती. कोळंबीने आणलेला पूर त्या व्याख्येत बसतो की नाही, ह्यावर दोघांचं एक सबंध रविवार भांडण झालं. मी पुन्हा रात्रपाळीला. गोळ्याएवढा खाऊ दगडाजवळ ठेवून, लाल बॅटरी धरून, पाटावर बसून. मागे हे घोरतायत. अखेर एका रात्री सांदीतून एक नांगी बाहेर आली, बोटाच्या पेराएवढी, एकच मोठी, दुसरी किरकोळ. पिस्टल. माझ्या तोंडून 'अगं बाई' निघालं ते इतक्या मोठ्याने की वरच्या मजल्यावरून सगळे खाली धावत आले आणि नांगी आत गेली. त्यामुळे पुरावा फक्त माझा शब्द. जावईबापूंनी तो ग्राह्य धरला. ते कागदपत्राशिवाय मानणारे आहेत, हा त्यांचा स्वभावदोष.

ह्या पिस्टलला फारसं दिसत नाही. समुद्रात तिच्या काही जाती गोबी नावाच्या एका लहानशा माशाबरोबर बीळ वाटून घेतात. कोळंबी खणत राहते, तो दारात पहारा करतो, आणि बाहेर असताना तिची एक मिशी सतत त्याच्या अंगाला लागलेली असते. त्याने शेपूट हलवलं की ती आत. हे वाचून लेकीने लगेच गोबी आणायचं ठरवलं. न बोलावता आलेल्या, कुणी धड न पाहिलेल्या, नाव-गाव नसलेल्या कोळंबीसाठी नगद डॉलर देऊन जोडीदार. जावईबापू नको म्हणाले नाहीत. मी विचारलं, "मुलीकडची काही माहिती?" तर दोघेही हसले.

काचेवरच्या एका डागाबद्दल मात्र मला जावईबापूंशी वाद घालावा लागला. ते दर दोन दिवसांनी लोहचुंबकाच्या खरवडणीने काच पुसत. मी म्हणाले, तो करडा ठिपका पुसू नका, तो काल इथे नव्हता, आज सरकलाय. "शेवाळ असेल आई." आता शेवाळ सरकत नाही एवढं मला कळतं. मग त्यांनीच पुस्तक काढून एक गोष्ट वाचून दाखवली, आणि ती वाचता वाचता त्यांचा खरवडणीचा हात खाली आला.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात, जिथून समुद्र दिसतही नाही, फ्रान्झ आयल्हार्ड शुल्झे नावाच्या प्राध्यापकांकडे खाऱ्या पाण्याच्या टाक्या होत्या. १८८३ साली त्यांना टाकीच्या भिंतीवर असाच ठिपका दिसला. मिलीमीटर-दोन मिलीमीटरचा, कागदाहून पातळ. त्याला तोंड नाही, पोट नाही, डोकं नाही, पुढचं-मागचं नाही, उजवं-डावं नाही. शेवाळावर जाऊन पसरायचं, खालच्या अंगाने रस सोडायचा, आणि तिथेच जिरवून घ्यायचं. शुल्झेंनी नाव दिलं ट्रायकोप्लॅक्स. पुढे १९०७ साली कुणीतरी जाहीर केलं की हा काही वेगळा प्राणी नव्हे, एका लहानशा जेलीफिशसारख्या जिवाची अळी आहे. (हे मागून म्हणाले, "मी काय सांगत होतो?") पाठ्यपुस्तकांनी ते मान्य केलं आणि फाइल बंद. साठच्या दशकात लोकांनी पुन्हा नीट बघितलं, तो अळी नसून पूर्ण वाढलेला प्राणी निघाला, आणि १९७१ साली कार्ल ग्रेल ह्यांनी त्याच्यासाठी प्राणिसृष्टीत एक सबंध नवा संघ काढला, प्लॅकोझोआ. खेकडे, कोळंब्या, कीटक, कोळी मिळून जसा एक संघ, तसा ह्या एका ठिपक्यासाठी दुसरा. अर्ज १८८३चा, मंजुरी १९७१ला. अठ्ठ्याऐंशी वर्षं. आमच्या शाखेत पेन्शनची केस रखडली की लोक माझ्या नावाने बोटं मोडायचे. त्यांना हे सांगायला हवं होतं.

आमचा ठिपका ट्रायकोप्लॅक्स होता की नव्हता हे ठरलं नाही, कारण पुस्तक वाचून होईपर्यंत एक गोगलगाय त्याच्यावरून फिरून गेली. तीही दगडाबरोबर आलेलीच.

आम्ही रत्नागिरीला परतलो त्याला आता बरेच दिवस झाले, पण खातं माझ्याकडून गेलेलं नाही. परवा सकाळी मी मिरकरवाड्याला बांगडे बघत होते तेव्हा फोनवर चित्र आलं. एक खेकडा, अंगभर केस, नांग्यांची टोकं काळी. खाली जावईबापूंचा मजकूर: 'आई, केसाळ आणि काळ्या टोकांचा म्हणजे बहुतेक वाईटच. काचेचा पेला तिरका लावून आत कोळंबी ठेवली होती. कोळंबी खाऊन गेला. तुम्हाला काय वाटतं?'

मला काय वाटणार? मी फोन मासेवालीपुढे धरला. तिने ओले हात पदराला पुसले, चित्र दोन बोटांनी मोठं केलं, पुन्हा लहान केलं.

"किती हायत?"

"एकच."

"एकाला काय करायचा, वैनी? रस्सा पन व्हायचा नाय."

"खायचा नाहीये. घरातल्या टाकीत शिरलाय, बाहेर काढायचाय."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग चित्राकडे. "आज काय, पुनवेच्या आसपास ना? आता पोकळ असंल. अवसेला काढायला सांगा, भरलेला गावंल."

मी जसंच्या तसं लिहून पाठवलं: अमावास्येपर्यंत थांबा. पाच मिनिटांत उत्तर आलं. जावईबापूंनी न्यू जर्सीतली अमावास्या रत्नागिरीच्या आधी की नंतर, असं विचारलं होतं.